परवानगीची फाईल टाकण्याआधी नगर रचनाकारांना भेटावं का? (नगरपरिषद हद्द, जुना लेआऊट, १८० चौ.मी.)

गुरुजी_तापीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषद हद्दीत, वडिलांनी १९९२ साली घेतलेला प्लॉट आहे. रुंदी १० मीटर, खोली १८ मीटर. एनए (बिनशेती) लेआऊटमधला, सातबारा वडिलांच्या नावावर. मागून एक नाला जातो, तो पावसाळ्यातच वाहतो. पुढचा रस्ता लेआऊटच्या झेरॉक्सवर ९ मीटर लिहिलाय, मी टेप लावली तर साडेसात भरला.

वडील ७४ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. खाली ते दोघं आणि वर आम्ही, असं साधं घर बांधायचं आहे. पुढे एक मोठा ओटा हवा, एवढी एकच मागणी वडिलांनी केली आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पाया खणायचा असं त्यांच्या मनात आहे. इंजिनिअरने नकाशा काढून ठेवलाय. ते म्हणतात, "फाईल टाकू, त्रुटी निघाली की दुरुस्त करू." मला ते पटत नाही. जीपीएफमधले (भविष्य निर्वाह निधीतले) पैसे आणि गृहकर्ज यावर हे सगळं उभं राहणार आहे, दोनदा खर्च करायची ऐपत नाही.

शाळेतले एक सर म्हणाले, आधी नगर रचनाकारांना (बांधकामाचे नकाशे तपासणारे नगरपरिषदेतले अधिकारी) भेटून ये. पण फाईल नसताना ते भेटतील का? काय विचारायचं? आणि ते जे सांगतील ते किती धरून चालायचं?

---

काळी_माती | ९ फेब्रुवारी, रात्री १०.०५

गुरुजी, जरूर भेटा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, अमळनेर-चोपडा पट्ट्यात कामं करतो. तुमच्या पोस्टमध्येच दोन गोष्टी अशा आहेत की त्या नकाशा काढण्याआधी विचारायला हव्या होत्या.

रस्ता कागदावर ९ आणि जाग्यावर साडेसात. म्हणजे दीड मीटर कुणाच्या तरी कुंपणात गेलंय. ते समोरच्यांच्या ओट्यात गेलं की तुमच्या कंपाउंडमध्ये आलं, हे मोजणीशिवाय कळणार नाही. पुढचं मार्जिन, म्हणजे घरापुढे मोकळी सोडायची जागा, रस्त्याच्या मंजूर रेषेपासून मोजतात, आजच्या गटारीपासून नाही. तुमच्या इंजिनिअरने गटारीपासून धरलं असेल तर पोर्च आणि ओटा दोन्ही उडणार.

दुसरा नाला. आज तो कोरडा दिसत असेल, पण गावनकाशात त्याची रेषा कुठे आहे आणि काठापासून किती जागा सोडायची हे तिथेच विचारा.

तुमचं क्षेत्र १८० आहे. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तिच्यात १५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला फार सोपी पद्धत आहे आणि १५० ते ३०० पर्यंत १० दिवसांत परवानगी द्यायची असं आहे. लोक हे १० दिवस फाईल टाकली त्या दिवसापासून मोजतात. फाईल पूर्ण असेल तरच त्या दिवसांना अर्थ आहे. एक कागद कमी पडला की त्रुटीपत्र येतं आणि मग महिने जातात.

---

नाव_नको | १० फेब्रुवारी, सकाळी ७.४०

माझं ऐका गुरुजी. आम्ही नाही विचारलं.

प्लॉटच्या एका कोपऱ्यावरून ११ केव्हीची लाईन जात होती. रोज बघायचो, पण तारा उंच दिसायच्या म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. खालचा स्लॅब पडला, वरच्या मजल्याच्या भिंती सज्जापर्यंत आल्या, तेव्हा तपासणीला आलेल्या माणसाने मान वर केली. ३३ केव्हीपर्यंतच्या लाईनपासून उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं २ मीटर लागतं. आमचं आडवं अंतर सव्वा मीटर होतं.

लाईन हलवायचा खर्च आमच्यावर आला. सात महिने काम बंद, बँकेचा पुढचा हप्ता अडकला, आणि त्या पावसाळ्यात उघड्या सळया गंजल्या. नगर रचनाकार मला म्हणाले, "कोरा कागद घेऊन आला असतात तरी सांगितलं असतं, घर दुसऱ्या बाजूला सरकवा." एक मीटर सरकवायचं होतं फक्त. अजून त्या खोलीत गेलो की तेच आठवतं.

---

निवृत्त_आरेखक | १० फेब्रुवारी, दुपारी १.१५

मी ३१ वर्षं नगर रचना खात्यात होतो. आधी अनुरेखक, मग आरेखक. टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

फाईल नसताना कुणी आलं तर साहेब चिडतात असं लोकांना वाटतं. आमची पंचाईत व्हायची ती वेगळ्या माणसापुढे. तो यायचा आणि म्हणायचा, "साहेब, प्लॉट आहे, काय काय बांधता येईल?" गट नंबर माहीत नाही, हातात कागद नाही. त्याला काय सांगणार? पण जो गट नंबर, लेआऊट आणि मोजणीचा नकाशा घेऊन यायचा आणि "माझ्या पुढचा रस्ता विकास योजनेत (शहराच्या पुढच्या वाढीच्या मंजूर नकाशात) किती रुंद आहे" एवढंच विचारायचा, त्याच्यासाठी मी स्वतः उठून नकाशाची गुंडाळी काढायचो. पाच मिनिटांचं काम असायचं.

गुरुजी, तुमच्याकडे लेआऊटची झेरॉक्स आहे. ती कशाची झेरॉक्स? आपल्याकडे शहरांच्या कडेची शेतं पाडून जे लेआऊट झाले, त्यात प्लॉट विकणाऱ्याने छापलेला नकाशा आणि मंजूर नकाशा यात फरक असलेली प्रकरणं मी पुष्कळ हाताळली. मंजूर नकाशात 'खुली जागा' लिहिलेली, आणि विक्रीच्या नकाशात तिथे चार प्लॉट. खरेदीखत झालं, फेरफार झाला, घरपट्टी लागली, तरी ती खुली जागाच राहते. अशी माणसं टेबलापुढे बसून रडलेली पाहिली आहेत मी. म्हणून बिनशेती आदेश आणि त्याला जोडलेला मंजूर रेखांकनाचा नकाशा, याची प्रमाणित प्रत महसूल कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढा. हे भेटीच्या आधी.

मग झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) आणि भाग नकाशा (विकास योजनेतला आपल्या जागेपुरता तुकडा) यासाठी रीतसर अर्ज करा. फी मामुली असते. लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या सेवांत हे दोन्ही येतात, त्यामुळे मुदतीत द्यावे लागतात. तोंडी बोलणं हवेत जातं, या कागदावर सही, शिक्का आणि तारीख असते.

अजून एक, आणि हे फार कमी लोक विचारतात. "मंजूर योजनेत माझ्या जागेवर काही नाही ना" एवढ्यावर थांबू नका. "सुधारित योजनेचं काम चालू आहे का, प्रारूप (मंजुरीआधीचा मसुदा) प्रसिद्ध झालंय का" हेही विचारा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रारूप योजनाही विचारात घ्यावी लागते. मंजूर नकाशात मोकळी असलेली जागा नव्या प्रारूपात रस्त्याखाली गेलेली असू शकते.

जायचं कधी तेही पाहा. लहान नगरपरिषदांत नगर रचनाकारांकडे बरेचदा दुसऱ्या गावाचाही पदभार असतो. कोणत्या वारी बसतात ते फोन करून विचारा, आणि सकाळी पहिल्या तासात गाठा.

---

केळीबाग | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

माझा अनुभव उलटा आहे, तोही लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल भेटलं की झालं.

मी भेटलो होतो. वर राहायला, खाली दोन दुकानं असा विचार होता. "चालेल, टाका" म्हणाले. आर्किटेक्टने पूर्ण सेट काढला. चार महिन्यांनी फाईल गेली तोवर त्यांची बदली झालेली. नवे आले ते म्हणाले, रस्त्याची रुंदी कमी आहे, दुकानं बसत नाहीत. मी म्हणालो, आधीच्या साहेबांनी हो म्हटलं होतं. ते म्हणाले, कुठे लिहिलंय?

आर्किटेक्टची फी दोनदा गेली. शेवटी दुकानांशिवाय घर बांधलं.

---

निवृत्त_आरेखक | १० फेब्रुवारी, रात्री ८.५०

केळीबाग भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. "चालेल" या शब्दावर कधीच थांबायचं नाही. लगेच विचारायचं, "साहेब, कोणत्या नियमाखाली?" नियमावलीतला क्रमांक वहीत लिहून घ्यायचा. साहेब बदलतात, नियमावली तीच असते. क्रमांक सांगता आला नाही तर समजायचं की त्यांनीही अजून पाहिलेलं नाही, तेव्हा पुन्हा यावं लागेल.

आणि घरी आलं की एका पानाचं पत्र. "अमुक तारखेला आपली भेट घेतली, गट नंबर अमुक, आपण अमुक नियमानुसार असं मार्गदर्शन केलंत, यात काही चूक असल्यास कळवावे." आवक शिक्का घेऊन एक प्रत आपल्याकडे. या पत्राने परवानगी मिळत नाही, कुणी बांधीलही होत नाही. पण नवा अधिकारी ते वाचतो आणि विचार तिथून पुढे सुरू करतो.

---

रावेर_रोड | १० फेब्रुवारी, रात्री ९.३०

एवढं कशाला? फाईल टाका आणि ६० दिवस थांबा. उत्तर आलं नाही तर मानीव परवानगी. कायद्यातच आहे.

---

निवृत्त_आरेखक | १० फेब्रुवारी, रात्री ९.५५

त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे, खरं आहे. पण बांधकाम नियमांत बसत असेल तरच ती मानीव परवानगी धरली जाते. मार्जिन कमी सोडलं असेल तर ६० काय, ६०० दिवस गेले तरी ते बांधकाम अनधिकृतच, आणि नोटीस कलम ५३ ची, म्हणजे पाडायची, येते. भाऊ, कुणाला हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगतो.

---

चोपडा_ते_लेस्टर | ११ फेब्रुवारी, पहाटे २.१०

मी मूळचा चोपड्याचा, १४ वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे. इकडे या भेटीची रीतसर सेवाच असते. अर्जाआधी कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) कच्चा नकाशा, जागेचे फोटो आणि फी भरायची. बरेचदा प्लॅनिंग ऑफिसर लेखी उत्तर देतात, आणि या सल्ल्याने कौन्सिलचा अंतिम निर्णय बांधला जात नाही हे आधीच सांगतात.

मागे स्वयंपाकघर वाढवायचं होतं. ऑफिसरने लिहिलं की एवढं मागे आलात तर शेजाऱ्याच्या खिडकीचा उजेड जाईल, खोली कमी करा. आम्ही केली. घरगुती अर्जाचा निर्णय इथे साधारण ८ आठवड्यांत देतात, आमचा त्यात झाला. आपल्याकडे अशी लेखी खिडकी सगळ्या नगरपरिषदांनी सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. फी घ्या, पण लिहून द्या.

---

माहेर_शहादा | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

गुरुजी, मी एकटी बाई गेले होते, तर तुम्हाला काय अडचण? वडील गेल्यावर आईचं घर मीच बांधून घेतलं. प्लॉट नदीपासून जवळ. एजंट म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघतो." मी गेले. वहीत सहा प्रश्न लिहून नेले होते.

पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं की पूररेषा जलसंपदा विभागाकडून घेऊन या. मला तोवर निळी रेषा आणि लाल रेषा हा प्रकारच माहीत नव्हता. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. आईचा प्लॉट मधल्या पट्ट्यात निघाला. म्हणजे जोतं बरंच उचलावं लागणार, भराव वाढणार, पायऱ्या वाढणार. हे आधी कळलं म्हणून आईसाठी पायऱ्यांऐवजी उतार काढला. नंतर कळलं असतं तर तिला घराबाहेर पडणं मुश्कील झालं असतं.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं होतं, ते आठवा. तुमचा नाला कोरडा आहे म्हणून सोडून देऊ नका.

---

सातपुडा_पायथा | ११ फेब्रुवारी, रात्री ८.२०

गावाकडच्यांसाठी थोडं. आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, नगरपरिषद नाही. गावठाणाबाहेर पण २०० मीटरच्या आत जागा असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने २०१७ मध्ये बिनशेतीचं काम सोपं केलं. पण सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, 'इतर हक्क' मध्ये काय लिहिलंय, हे आधी तलाठ्याकडे बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने घ्यायची तर कलम ३६-अ, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, लागतं. तिथे नगर रचनाकार काही करू शकत नाहीत, आधी महसूल. आमच्या गावचे एक म्हातारे गवंडी प्रत्येकाला सांगतात, "आधी इचारी ल्या, मंग खंदा."

---

गुरुजी_तापीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. तीन-तीनदा वाचलं. एक अडचण राहते. मी परस्पर गेलो तर आमच्या इंजिनिअरला वाईट वाटेल. भला माणूस आहे, चुलतभावाचं घर त्यानेच बांधलं.

---

काळी_माती | ११ फेब्रुवारी, रात्री १०.५०

मग त्याला सोबत न्या. मालक सोबत आला की आम्हालाही बरं असतं. आम्ही एकटे जाऊन मालकाला सांगतो की ओटा बसत नाही, तेव्हा मालकाला वाटतं आम्हीच टाळाटाळ करतोय. फक्त पक्का नकाशा पुढे ठेवू नका. पेन्सिलने काढलेला एक आराखडा न्या. पक्का नकाशा पाहिला की समोरचा माणूस चुका काढतो, पेन्सिलचा पाहिला की सुचवतो. हे मी २२ वर्षांत पाहत आलोय.

आणि जागेवर एक खड्डा घेऊन ठेवा. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते कळेल. ते परवानगीत कुणी विचारणार नाही, पण त्यावर तुमचं निम्मं बजेट ठरेल.

---

गुरुजी_तापीकाठ | ८ मार्च, दुपारी ४.००

मंडळी, उशीर झाला, पण सविस्तर लिहितो.

नानांनी (निवृत्त_आरेखक, तुम्हाला नाना म्हटलं तर चालेल ना?) सांगितल्याप्रमाणे आधी मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत काढली. त्याला दोन फेऱ्या लागल्या. आमचा प्लॉट प्लॉटच आहे, खुली जागा नाही, हे त्या कागदावर बघितलं तेव्हा छाती हलकी झाली. आमच्या ओळीतले शेवटचे दोन प्लॉट मात्र मंजूर नकाशात खुल्या जागेत आहेत. त्यातल्या एकावर घर उभं आहे, माणसं ओळखीची आहेत. त्यांना कसं सांगायचं ते अजून समजलेलं नाही.

मग इंजिनिअर आणि मी दोघं मंगळवारी सकाळी गेलो. नगर रचनाकार तरुण आहेत, नीट बोलले. २५ मिनिटं दिली. पेन्सिलचा आराखडा पाहून त्यांनी स्वतःच पेन्सिल उचलली.

रस्ता लेआऊटमध्ये ९ मीटर आहे, पण विकास योजनेत १२ चा दाखवलाय, कारण तो पुढे महामार्गाला जाऊन मिळतो. म्हणजे आमच्या बाजूने दीड मीटर जाणार. १० मीटर रुंदीवर १५ चौ.मी. गेले, उरले १६५. ती पट्टी नगरपरिषदेकडे मोफत दिली तर तिचा एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) उरलेल्या जागेवर वापरता येतो, हेही त्यांनीच सांगितलं आणि मी विचारल्यावर नियमाचा क्रमांक दिला. क्षेत्र आमचं अजूनही १५० च्या वरच, त्यामुळे १० दिवसांचीच पद्धत. नाल्याचं म्हणाले की मोजणीत काठ नक्की होऊ द्या, मग अंतर बसवू. शौचालयाची टाकी मागे दाखवली होती, ती तिथून काढायला सांगितली.

आमचा जुना नकाशा तसाच टाकला असता तर जिना, पोर्च आणि वडिलांचा ओटा, तिन्ही मार्जिनमध्ये आणि रस्त्यात गेले असते. इंजिनिअर परत येताना गाडीवर काही बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "सर, नवीन नकाशाचे पैसे घेणार नाही."

वडिलांना सांगणं अवघड होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, हे त्यांनी ३० वर्षं मनात धरलेलं. मी कागद पुढे ठेवला, पट्टी दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या रस्ता झाला असता तर ओटा माझ्यासमोर तोडला असता का?" मी हो म्हणालो. "मग आत्ताच आत घे." आता घराचा पुढचा कोपरा आत घेऊन तिथे छोटा ओटा बसवलाय, लांबी सात फूट. दोन खुर्च्या मावतात.

पत्र लिहून दिलं, आवक शिक्का घेतला. झोन दाखला आणि भाग नकाशा हातात आहे.

आखाजीला फक्त भूमिपूजन करू, परवानगी हातात आल्यावर खोदू, असं ठरलं.

---

निवृत्त_आरेखक | ८ मार्च, संध्याकाळी ७.१०

नाना म्हणा, घरीही तेच म्हणतात. गुरुजी, शेवटच्या दोन प्लॉटवाल्यांना सांगाच. ज्याचं घर उभं नाही त्याला आधी सांगा, त्याचा पैसा अजून वाचू शकतो. ज्याचं उभं आहे त्याने मंजूर नकाशाची प्रत घेऊन वकिलाला आणि नगरपरिषदेला दोघांना भेटावं. तुम्ही सोबत गेलात तर त्यांना धीर येईल.

परवानगीची मुदत एक वर्षाची असते, पुढे दरवर्षी वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. कर्ज उशिरा झालं तर घाबरू नका, पण मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा. आणि जोतं झालं की तपासणी करून घेतल्याशिवाय वरचं काम सुरू करू नका.

---

माहेर_शहादा | ८ मार्च, रात्री ८.३०

सात फुटांचा ओटा पुरतो गुरुजी. आईचा सहाचा आहे, संध्याकाळी तिथे पाच बायका बसतात. प्लॉटमध्ये झाड आहे का? असेल तर तेही आधी विचारा. शहर हद्दीत झाड तोडायला वेगळी परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे.

---

गुरुजी_तापीकाठ | ९ मार्च, सकाळी ६.५०

ताई, मागच्या कोपऱ्यात कडुलिंब आहे, वडिलांनीच लावलेला. तोडायचा नाही. टाकी आता मागून काढलीच आहे, त्यामुळे मुळांनाही धक्का लागणार नाही.

काल रात्री शेवटच्या प्लॉटवाल्यांकडे जाऊन आलो. प्रमाणित प्रत त्यांना दाखवली. उद्या दोघं मिळून नगरपरिषदेत जातोय. मोजणीची तारीख २७ मार्च मिळाली आहे. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आली की इथे लिहितो, नाल्याचा काठ कुठे निघाला ते.